दुकानाचं नाव नसलेली यादी

राठोडशी माझी ओळख आधी त्याच्या अक्षरातून झाली. माणूस मागून आला.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. रोज कुठल्यातरी नव्या कचेरीची पाटी लागत होती. कचेरी आली म्हणजे कॉम्प्युटर आला, हे ओळखून मी बसस्टँडसमोरच्या माझ्या एसटीडी बूथच्या जागी कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. त्या यंत्रातलं मला फारसं कळत नव्हतं. मला भाव कळत होता. साखरा नावाच्या खेड्यातून एक पिशवी घेऊन निघालेला मी माणूस. खताची पोती उचलली, बैलबाजारात दलालाच्या हाताखाली चार वर्षं उभा राहिलो, आठवडी बाजारात टॉर्चचे सेल विकले, मग फोनचा बूथ. घेताना भाव पाडायचा आणि देताना चढवायचा, ही एकच विद्या माझ्यापाशी होती आणि तिच्यावर मी दोन मजली घर बांधलं.

एका सकाळी दवाखान्यातल्या वानखेडे सिस्टर दुकानात आल्या. चाळिशीच्या असतील. काउंटरवर पर्स ठेवून म्हणाल्या, "कॉम्प्युटर घ्यायचाय. वीस हजारात बसला पाहिजे."

"कशासाठी? टायपिंग? हिशेब?"

त्यांनी एकदा दाराकडं बघितलं आणि आवाज बारीक केला. "गेमसाठी. गाड्यांच्या शर्यतीचा."

मला हसू आवरलं नाही. "सिस्टर, लेकरासाठी पाहिजे असं सरळ सांगा की."

"लेकरू न्हाई मला," त्या म्हणाल्या. "मलाच खेळायचाय."

मी घाईघाईनं त्यांना निळा दिवा लागणारं एक कॅबिनेट दाखवलं. म्हणजे वरचा डबा. त्यात माझा नफा सगळ्यात जास्त होता. "बघते," म्हणून त्या गेल्या.

पाच दिवसांनी परत आल्या त्या हातात एक पुठ्ठा घेऊन. बसच्या हेडलाइटचा बल्ब ज्या खोक्यात येतो, त्या खोक्याचा उलगडलेला पुठ्ठा. आतल्या करड्या बाजूवर पेन्सिलीनं आठ ओळी लिहिलेल्या. अक्षर गोल, एकाखाली एक, शाळेत शुद्धलेखन काढावं तसं. समोर भाव. शेवटी बेरीज, वीस हजार. ना एक रुपया वर, ना खाली.

ती यादी वाचून माझं डोकं तापलं. जगात सगळे लोक कॉम्प्युटरची यादी प्रोसेसरपासून सुरू करतात. ह्यानं पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'एसएमपीएस, वजनदार'. एसएमपीएस म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारी लोखंडी डबी. गिऱ्हाईक तिच्याकडं कधी बघत नाही, म्हणून दुकानदार तिथंच हात मारतो. दुसऱ्या ओळीत बॅटरीवाला यूपीएस. आणि कॅबिनेट, ज्याच्यावर माझं घर चालायचं, ते सगळ्यात शेवटी. 'साधं. जुनं असलं तरी चालेल.' भाव तर असे लिहिले होते, की हैदराबादेत मला काय पडतं हे त्या माणसानं माझ्या खिशात हात घालून बघितलं असावं.

"हे कुणी लिहून दिलं?"

"राठोडभाऊंनी. एसटी डेपोतले इलेक्ट्रिशियन आहेत ना, त्यांनी," सिस्टर म्हणाल्या. आणि पर्स उघडता उघडता पुढं म्हणाल्या, "ते हसले न्हाईत."

त्या यादीबरहुकूम मी माल दिला. त्यात मला काय सुटलं ते सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डेपोच्या मागच्या गेटाला गेलो. तिथं जुन्या टायरांचा ढीग होता आणि त्यातल्या एका आडव्या टायरवर एक काळासावळा, रुंद खांद्याचा माणूस डबा खात बसला होता. खाकी शर्ट, कानावर पेन्सिल. किल्ल्यांच्या जुडग्याला दोऱ्यानं खोडरबर बांधलेलं. समोर तीन माणसं उकिडवी बसली होती. त्यातला एक तर वसमतहून बसनं आलेला. माझ्या दुकानात काचेचं काउंटर होतं, चाकांची खुर्ची होती, पंखा होता. तिथं तेव्हा एकही माणूस नव्हता.

राठोड सेनगावकडच्या एका तांड्यातला. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आज्याच्या काळात ते संपलं आणि आजा बैलांची पारख करून द्यायला लागला. राठोड लहानपणी आज्यामागं बाजार फिरला होता. पुढं आयटीआय केलं, नव्वदीच्या सुरुवातीला डेपोत लागला. फावल्या वेळात टेप आणि टीव्ही दुरुस्त करायचा. कॉम्प्युटर तो रद्दीतल्या मासिकांतून शिकला. इंग्रजी मासिकं, मांडीवर डिक्शनरी, एका पानाला एक दुपार. स्वतःच्या घरी त्याच्याकडं कॉम्प्युटर नव्हता. ही गोष्ट मला पुष्कळ दिवस माहीत नव्हती. कळली तेव्हा जास्तच राग आला.

कुणी आलं की तो तीनच प्रश्न विचारायचा, आणि याच क्रमानं.

"बजेट किती?"

"गेम कोणता?"

"घरी लाईट किती टायम जाते?"

तेव्हा आमच्याकडं भारनियमन दहा-दहा, बारा-बारा तासांचं होतं, त्यामुळं तिसरा प्रश्न खरा तर पहिला होता. उत्तरं मिळाली की तो पुठ्ठा घ्यायचा, आधी सगळ्यात खाली बजेटचा आकडा लिहायचा, त्याच्यावर रेघ ओढायचा आणि मग वरून भरत यायचा. आकडा आधीच तळाशी बसलेला असल्यामुळं तो हलायचा नाही. हलायच्या त्या वरच्या ओळी. खोडायचा, लिहायचा, फुंकर मारायचा.

एकदा मी समोर उभा असताना वसमतचा एक हळदीचा व्यापारी आला होता. म्हणाला, "पस्तीस म्हणलो तरी पाच-दहा वर गेले तं चालतील, राठोडभाऊ. तुमी चांगलं लिवा."

राठोडनं पेन्सिल कानावर ठेवली. "मंग माझ्याकडं काहून आले शेठ? पैसा सुटा असला की निवडायचं काय राहातं?"

व्यापारी ओशाळला. "बरं, पस्तीस."

"पस्तीस बराबर?"

"बराबर."

मग पेन्सिल खाली आली. त्या व्यापाऱ्याला दुकानात सगळ्यात महाग प्रोसेसर घ्यायचा होता. राठोड त्याला म्हणाला, "हे बघा, प्रोसेसर अन् ग्राफिक कार्ड ही जोडी हाये. एक बैल तगडा घेतला अन् दुसरा मरतुकडा, तं जू वाकडं होतं. तगडा बी फुकट जातो. दोन्ही मध्यम घ्या, औत सरळ चालंल." हळदवाल्याला प्रोसेसर कळला नसेल, पण जू कळलं. मान डोलावत गेला. मी हेच त्याला माझ्या दुकानात तासभर समजावलं असतं आणि तो 'बघतो' म्हणून उठला असता.

यादी लिहून झाली की राठोड ती माणसाच्या हातात द्यायचा आणि डब्याचं झाकण लावायचा. पैसे नाहीत, चहा नाही. चहा आणलाच कुणी, तर तो शेजारी बसलेल्या ड्रायव्हरला द्यायचा. डेपोतले कंडक्टर त्याच्या याद्या तिकिटांच्या पेटीतून वसमत, सेनगावला पोचवायचे. एका ठिकाणचा माणूस चिठ्ठी पाठवायचा, बजेट इतकं, गेम हा, लाईट जाते इतकी. दोन दिवसांनी त्याच बसनं पुठ्ठा परत. आणि त्या कोणत्याही पुठ्ठ्यावर कोणत्याही दुकानाचं नाव नसायचं.

माझी खरी तकलीफ ती होती. हिंगोलीत तेव्हा असलं दुकान एक माझंच होतं. लोक यादी घेऊन नांदेडला जायचे, परभणीला जायचे, भाव काढून परत यायचे. एक ओळ त्यानं खाली लिहिली असती तर हे सगळं हिंडणं वाचलं असतं.

"राठोड," मी एकदा त्याला तिथंच टायरांजवळ म्हणालो, "खाली आमच्या दुकानाचं नाव टाकत जा. यादीमागं दोनशे देतो."

तो हसला. हसताना त्याचे खांदे हलायचे, आवाज यायचा नाही. "नाव टाकलं की यादी तुमची झाली, कुंडलिकराव. मंग त्या माणसाची काय राहिली?"

"तीनशे."

"तुमी भाव चांगला करता," तो म्हणाला आणि दुसऱ्या माणसाकडं वळला. "हं, बजेट किती?"

घरी येऊन मी थाळी आपटली. माझी बायको सुलोचना पोळ्या लाटत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि लाटणं न थांबवता म्हणाली, "तुमच्याकडं माणूस घाबरत घाबरत येतंय. त्याच्याकडं इचारायला जातंय. एवढंच हाये ते." मी त्या दिवशी जेवलो नाही.

मग मी ठरवलं की याला दाखवूनच द्यायचं. दुकानाच्या वरच्या खोलीत गेमरूम काढायची. सहा कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले, तासावर भाडं. बजेट मी माझं मीच ठरवलं, एक लाख वीस हजार, एक पैसा वर नाही. राठोडला विचारलं नाही. हैदराबादेत तीन दिवस राहिलो. चार घाऊकवाल्यांना एकमेकांच्या अंगावर घातलं, दोनदा दुकानातून उठून गेलो, तिसऱ्यांदा त्यांनी रस्त्यावर येऊन हाताला धरून परत नेलं. आयुष्यात इतका चांगला सौदा मी केला नव्हता. सहा कॅबिनेटं, सगळ्यांना लाल दिवे, आत मोठी ग्राफिक कार्डं, आणि तरी लाखाच्या आसपास. उरलेल्यात टेबलं झाली, पाटी झाली.

उद्घाटनाला मी राठोडलाही बोलावलं. मुद्दाम. तो ड्यूटी संपवून आला. खाकीतच. सगळे लाल दिव्यांकडं बघत होते. तो एका कॅबिनेटजवळ गेला, दोन्ही हातांनी ते टेबलावरून बोटभर उचललं आणि परत ठेवलं.

"हलकं हाये," म्हणाला.

एवढंच. पेढा घेतला आणि खाली गेला.

नारळ फुटला, सहा पोरं सहा खुर्च्यांवर बसली, शर्यत सुरू झाली. पहिलं वळण आलं, पडद्यावर धूळ उडाली, गर्दी झाली, आणि दोन कॉम्प्युटर एकदम बंद पडून आपोआप पुन्हा सुरू झाले. मग तिसरा. साधी पत्त्यांची खेळी लावली की चालायचे. शर्यत लावली की पडायचे. हैदराबादवाल्यानं मला दिवे दिले होते, कार्डं दिली होती, आणि सगळ्या भावाची वसुली त्या वीज पुरवणाऱ्या लोखंडी डबीत केली होती. डबी इतकी हलकी की आत काही आहे की नाही अशी शंका यावी. मी चार दुकानदारांना नमवून आलो होतो आणि त्यांनी मला सहा वेळा फसवलं होतं.

आठवडाभर मी कुणाला सांगितलं नाही. 'लाईटचा प्रॉब्लेम' म्हणून पाटी लावली. रविवारी राठोड आपला आपणच आला. स्क्रू-ड्रायव्हर खिशात होता.

"पैसे किती उरले?" त्यानं विचारलं.

"काही न्हाई उरलं."

"बरं झालं," तो म्हणाला. "म्हंजे बजेट फिक्स हाये."

त्यानं सगळी कॅबिनेटं उघडली. एक एक डबी हातात तोलून बघितली. मग पुठ्ठा काढला. "सहाचे चार करू. दोघांची कार्डं काढून घ्या, ते दोन साधे टायपिंगचे म्हणून विका. कोर्टासमोर टायपिंगवाले हायेत, त्यांना ह्या डब्या झेपतात. काढलेल्या दोन कार्डांचे अन् त्या दोघांचे पैसे, ह्याच्यात चार वजनदार डब्या येतात. सहा रडून राहिलेत, त्याच्यापेक्षा चार पळू द्या."

माझा जीव अजूनही त्या दोन कॉम्प्युटरच्या लाल दिव्यांत अडकला होता. पण मी ऐकलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. दोन विकले, नांदेडहून डब्या आणल्या, त्यानं पुढच्या रविवारी बसवल्या. चार कॉम्प्युटर असे पळाले की पोरं रांग लावून बसायला लागली. आणि महिन्याभरात लोक त्या खोलीला काय म्हणायला लागले? 'राठोडभाऊची गेमरूम.' पाटी माझी, जागा माझी, सौदा माझा.

पैसे घेईना म्हणून मी त्याला दुकानात बसवलं, शटर अर्धं ओढलं आणि काउंटरवर रुमाल पसरला. बैलबाजारात दलाल असाच सौदा करतात. रुमालाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजाऱ्याला कळत नाही. त्याच्या आज्यानं हे आयुष्यभर केलं होतं. मीही चार वर्षं केलं होतं. मला वाटलं, ही भाषा त्याला समजेल. त्यानं हात घातला. मी माझी चार बोटं त्याच्या तळव्यावर दाबली. रुपयात चार आणे. दुकानात, गेमरूममध्ये, सगळ्यात. मी माझ्या सख्ख्या भावाला इतकं दिलं नसतं.

त्यानं माझं एक एक बोट हळूच दुमडलं, मूठ बंद केली, आणि वरून थोपटली.

"माझ्या आज्यानं ह्या रुमालाखाली लय बैल घालवले, कुंडलिकराव," तो म्हणाला. "मी उघड्यावर लिवतो तेच बरं हाये."

शटर वर करून तो गेला. माझी मूठ रुमालाखाली तशीच होती.

पुढं जे मी केलं ते सुलोचनेलाही मी पुष्कळ उशिरा सांगितलं. मी डेपोतल्या साहेबांच्या नावानं एक अर्ज केला. इलेक्ट्रिशियन राठोड ड्यूटीवर असताना खाजगी धंदा करतो, डेपोच्या मालाचे पुठ्ठे वापरतो, बाहेरची माणसं आत बोलावतो. खाली 'एक प्रवासी'. दुकानातच टाइप केला, दुकानातल्याच प्रिंटरवर काढला, आणि पोस्टात टाकला.

चौकशी झाली. साहेबांनी त्याला विचारलं, त्यानं सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत बसतो, पैसे घेत नाही. शिक्षा काही झाली नाही. पण टायरांचा ढीग तिथून हलला, गेट दुपारी बंद व्हायला लागलं, आणि राठोडनं यादी लिहिणं थांबवलं. कुणी विचारलं की म्हणायचा, "साहेबाला नको वाटतंय, ऱ्हाऊ द्या."

मला वाटलं होतं, आता सगळे माझ्याकडं येतील. झालं उलटंच. लोक घेतच नव्हते. येऊन बसायचे, निळ्या दिव्याकडं बघायचे, भाव विचारायचे आणि म्हणायचे, "राठोडभाऊला इचारून येतो." राठोडभाऊ लिहीत नव्हता. मग ते घरीच बसले. यादी घेऊन आलेला माणूस भांडून का होईना माल घेऊन जायचा; यादी नसलेला माणूस नुसता भ्यायचा. दोन महिन्यांत माझी विक्री इतकी पडली की मी दुकानातल्या पोऱ्याला सुट्टी दिली.

एका संध्याकाळी राठोड दुकानात आला. तो माउस बघायला आल्यासारखा काउंटरपाशी उभा राहिला. तेवढ्यात मी एका गिऱ्हाइकाला बिल काढून दिलं. माझ्या प्रिंटरला तेव्हा एक खोड लागली होती: कागदाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत बारीक काळा पट्टा यायचा. प्रत्येक बिलावर तो होता.

गिऱ्हाईक गेलं. राठोडनं काउंटरवरचं दुसरं बिल उचललं, उजेडात धरलं आणि खाली ठेवलं.

"प्रिंटरचा ड्रम बदला, कुंडलिकराव," तो म्हणाला. "पट्टा येऊन राहिला."

आणि गेला.

साहेबांनी चौकशीत तो अर्ज, डाव्या कडेच्या ह्याच पट्ट्यासकट, त्याच्या हातात दिला असणार, हे मला तेव्हा सुचलं. त्यानं शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या. मारामारी झाली असती तर मी ती केली असती. तेवढी हिंमत माझ्यात आहे. तो ड्रम बदला म्हणाला. नुसत्या दुरुस्तीसारखं. त्या माणसाकडं असं काय होतं की मी कधी त्याला भांडणात सुद्धा गाठू शकलो नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

ड्रम मी दुसऱ्याच दिवशी बदलला.

पावसाळ्यानंतर डेपोत नवीन साहेब आले आणि राठोड पुन्हा लिहायला लागला. आता टायरांऐवजी चहाच्या टपरीमागच्या बाकावर. आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. रस्त्यात भेटला तर मान हलवायचा, मीही हलवायचो. याद्या येत राहिल्या, मी माल देत राहिलो. वजनदार डब्या मी आता नेहमी ठेवायला लागलो होतो, नाहीतर गिऱ्हाईक परत जायचं. निळ्या दिव्याची कॅबिनेटं माळ्यावर गेली. माझं दुकान हळूहळू त्याच्या अक्षराप्रमाणं लागत गेलं, आणि हे मला कळत होतं, आणि कळत असून मी काही करू शकत नव्हतो.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग एक दिवस तो दुकानात आला आणि पहिल्यांदा खुर्चीत बसला. खाकी नव्हती. पांढरा शर्ट.

"नोकरी सोडली," म्हणाला. "डोळे कमी झाले. बारीक वायर दिसंना. तांड्यावर चाललो. शेती हाये थोडी."

मी चहा सांगितला. त्यानं नको म्हटलं नाही. चहा पिऊन झाल्यावर त्यानं खिशातून पुठ्ठा काढून काउंटरवर ठेवला. आठ ओळी. तळाशी आकडा, अठरा हजार.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

मग माझ्या तोंडून आपोआप त्याचाच प्रश्न निघाला. "गेम कोणता?"

त्यानं दाराकडं बघितलं. आवाज थोडा बारीक केला. "बसचा. बस चालवायचा गेम येतो म्हणं. इतकी वर्षं बशींचे दिवे बसवले, स्टेअरिंगवर कधी बसलो न्हाई."

मी हसलो नाही.

"अन् पडदा?"

"वानखेडे सिस्टरचा जुना मॉनिटर घेतला. मोठा हाये, मला दिसतो."

पुठ्ठा मी दोनदा वाचला. खाली दुकानाचं नाव याही वेळी नव्हतं. पण ही यादी त्यानं स्वतः आणली होती आणि माझ्याच दुकानात आणली होती. "परवा या," मी म्हणालो.

दोन दिवस मी त्याच्या त्या एका कॉम्प्युटरमागं लागलो होतो. डबी नांदेडहून मागवली, होती त्यातली सगळ्यात जड. आणि यादीत साधं ग्राफिक कार्ड लिहिलं होतं, त्याच्या जागी मी दोन पायऱ्या वरचं बसवलं. फरकाचे चार हजार माझ्याकडून. त्याला सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. हे मी चांगुलपणानं केलं असं सुलोचना म्हणते. मला तसं वाटत नाही. एकदा तरी त्याच्या घरात अशी वस्तू असावी जी त्यानं निवडली नाही, मी दिली, एवढंच माझ्या मनात होतं.

तो आला. कॅबिनेट दोन्ही हातांनी बोटभर उचललं.

"जड हाये," म्हणाला.

किती वर्षं मी ह्या दोन शब्दांची वाट बघत होतो, ते दोन शब्द कानावर पडेपर्यंत मला माहीत नव्हतं. पण त्यानं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, बाजूचा पत्रा उघडला, डोळे अगदी आत नेले आणि बोटानं चाचपलं.

"हे यादीत न्हाई."

"जुन्या भावात पडलंय मला," मी म्हणालो. "अठरातच बसतंय."

"तुमच्या भावात बसतंय. माझ्या बजेटात न्हाई." तो आधीच स्क्रू काढत होता. "अन् जोडी बिघडते, कुंडलिकराव. प्रोसेसर मध्यम हाये. एवढं मोठं कार्ड त्याच्याजवळ बांधून काय करता? अर्धं फुकट जाईल."

खरं होतं. भेट द्यायलाही मी चुकीची वस्तू निवडली होती. त्यानं ते कार्ड शर्टाच्या बाहीनं पुसलं, खोक्यात ठेवलं, खोकं माझ्याकडं सरकवलं, आणि यादीतलं कार्ड मागून घेऊन स्वतः बसवलं. मी अठरा हजार घेतले. भाव मी केला नाही, त्यानंही केला नाही. बिल काढून दिलं. त्यानं ते हातात घेतलं, वाचलं नाही. नुसता अंगठा डाव्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. कडा कोरी होती. घडी करून त्यानं बिल खिशात ठेवलं.

सेनगावची गाडी स्टँडवर लागली होती. मॉनिटर आधीच कुणीतरी टपावर चढवला होता. ड्रायव्हर उतरून धावत आला, कंडक्टरनं कॅबिनेटला हात लावला, पण राठोडनं ते दिलं नाही. स्वतः घेऊन चढला. गाडी भरलेली होती. कंडक्टरनं आपली स्वतःची सीट त्याला दिली. मी तीस वर्षं त्या स्टँडवरून प्रवास करतोय. मला कधी कुणी सरकून जागा दिली नाही.

प्रत्येक कॅबिनेटच्या बाजूला मी दुकानाचा स्टिकर लावतो. पिवळ्यावर लाल अक्षरं, वीतभर. त्याच्याही लावला होता, आणि तो काढायचं त्यानं म्हटलं नव्हतं. गाडी हलली तसं मला एकच वाटायला लागलं: कॅबिनेट त्याच्या मांडीवर आहे, तर स्टिकर आतल्या बाजूला आहे की खिडकीकडं? दुकान उघडं टाकून मी रस्ता ओलांडला. पन्नाशीचा माणूस, चप्पल हातात येते की काय असा, गाडीच्या बाजूनं चालत गेलो, मग पळत.

गेटापाशी गाडी हळू झाली. खिडकीत राठोड दिसला. समोर बघत होता, ड्रायव्हरच्या हातांकडं. स्टिकर खिडकीच्याच बाजूला होता. आणि बरोबर त्याच्यावर त्यानं कोपर टेकवला होता.